खाणीबरोबर प्रयोगशाळा बुडू देऊ नका

प्रति,
मा. राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. हे पत्र माझ्या कोणत्या कामासाठी नाही, झारखंडमधल्या जादुगुडासाठी आहे.

तिथल्या युरेनियमच्या खाणीत, जमिनीखाली ५५५ मीटरवर, कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही, फक्त त्याचे गुरुत्वाकर्षण जाणवते. त्या कृष्णद्रव्याचा कण पकडण्याची ही खटपट आहे. त्यासाठी गाड्यांच्या एसीत असतो तोच वायू वापरतात. त्याचे बारीक थेंब जेलमध्ये अडकवून, एरवी उकळून गेले असते अशा तापमानालाही द्रवरूपातच ठेवतात. एखादा कण थेंबातल्या अणुकेंद्रकावर आदळला की थेंबाचा बुडबुडा होतो, आणि तेवढा बारीकसा आवाज संवेदक टिपतात.

इतक्या खोल जायचे ते वरच्या उपद्रवापासून लांब राहण्यासाठी. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात म्यूऑन नावाचे कण तयार होतात, आणि आपल्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन आरपार जात असतात. ते आसपासच्या द्रव्यातून न्यूट्रॉन उडवतात, आणि न्यूट्रॉनचा धक्का कृष्णद्रव्याच्या अपेक्षित धक्क्यासारखाच दिसतो. डोक्यावर जितका जास्त खडक, तितका हा घोळ कमी.

‘मग सापडले का?’ हा प्रश्न आपल्यासमोरच्या फाइलींवरही कधी ना कधी येईल. नाही, अजून कुणालाच खात्रीने सापडलेले नाही. अमेरिकेतल्या ‘एलझेड’ या कृष्णद्रव्याच्या प्रयोगात द्रवरूप झेनॉन टनांनी मोजावा लागतो. त्यांनी २०२४ मध्ये २८० दिवसांची आकडेवारी मांडली, तीही रिकामी. पण अमुक वस्तुमानाचा कण इतक्या जोराने आदळत असता तर दिसलाच असता, तो दिसला नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितले आणि पुढच्यांची शोधायची जागा तेवढी आवळली. या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञाच्या हातून बाहेर पडते ते हेच. वर्षाला किती शोधनिबंध, या मापाने ते मोजले तर तो माणूस नापास होईल आणि काम अर्धवट राहील.

साहेब, माझी खरी काळजी याहून वेगळी आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांबरोबर १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, म्हणजे क्वचितच कशावर आदळणारे अतिसूक्ष्म कण, टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत दुसऱ्या गटालाही ते दिसले. आपण तेव्हा जगाच्या बरोबरीने होतो. पुढे सोने परवडेना, प्रयोग गुंडाळले गेले, २००१ मध्ये खाण बंद झाली आणि ते खोल मजले पाण्याखाली गेले.

अमेरिकेत होमस्टेक ही सोन्याची खाण २००२ मध्ये बंद पडली. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो रे डेव्हिस यांनी तिथेच मोजले होते. तीही पाण्याने भरू लागली. पण साउथ डकोटा राज्याने ती ताब्यात घेतली, पंप लावून पाणी उपसले आणि भूमिगत प्रयोगशाळा उभी केली. वर सांगितलेला ‘एलझेड’ तिथेच, सुमारे दीड किलोमीटर खाली आहे. कोलारची आपली जागा त्याहून खोल होती. हे आठवले की अजून जीव हळहळतो.

तमिळनाडूतल्या थेनीत डोंगराखाली होणाऱ्या न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ च्या जानेवारीत मंजुरी दिली, आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात तिला स्पष्ट विरोध नोंदवला. पश्चिम घाटाबद्दलची तिथल्या लोकांची भीती मी खोटी मानत नाही. डोंगराला हात लावण्याआधी गावात बसून बोलायला हवे होते. पण ती वेधशाळा अडल्यामुळेच जादुगुडाची ती भूमिगत जागा आज जास्त मोलाची झाली आहे.

म्हणून एकच विनंती. युरेनियम परवडेनासे झाले किंवा खाणपट्ट्याची मुदत संपली, तरी प्रयोगशाळेच्या त्या मजल्यावर नेणारा पाळणा (लिफ्ट), वीज, हवा आणि पाणी उपसणारे पंप चालू राहतील, असा लेखी आदेश आजच काढा. त्यासाठीची तरतूद खाणीच्या हिशेबातून वेगळी करा. दोन्ही गोष्टी आपल्याच विभागाच्या हातात आहेत.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा