डावी कूस

लीड्स,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाला देऊ नकोस. वहिनीने वाचलं तरी चालेल. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि दादा आतल्या खोलीत पडलेला असतो, त्याला सगळं ऐकू जातं. ऑफिसातली एक मैत्रीण पुढच्या आठवड्यात पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर पाठवते आहे. चष्मा लावून सावकाश वाच.

परवा तू विचारलंस, "दादासाठी किडनी मी तुझ्याकडे मागितली का गं?" मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला. त्याचं उत्तर आधी देते. तू मागितली नाहीस. तुझी शुगर बघून तुला पहिल्याच दिवशी बाद केलं, वहिनीचा रक्तगट जुळेना. दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करायची सोय कायद्यात आहे, ती बिचारी त्यालाही तयार होती. त्या रात्री तू मला दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवलेस आणि खाली एक अक्षरही लिहिलं नाहीस. त्या न लिहिलेल्या ओळीचं ओझं तू वर्षभर वागवते आहेस, हे मला कळतं. एका लेकरासाठी दुसऱ्या लेकराकडे मागायची वेळ आल्यावर आईने लिहायचं तरी काय? आता ते ओझं खाली ठेव.

संक्रांतीनंतरच्या आठवड्याची तारीख पक्की आहे. मी दोन आठवडे आधी येते, कारण क्रॉसमॅचची रक्ततपासणी शेवटी पुन्हा करतात. मे महिन्यात ती निगेटिव्ह आली तेव्हा तू पदर तोंडाला लावून रडायला लागली होतीस. निगेटिव्ह म्हणजे संपलं असंच तुला वाटलं. निगेटिव्ह म्हणजे दादाचं रक्त माझ्या पेशींवर चालून जात नाही, हे वहिनीने तुला तिथल्या बाकावर बसून तीनदा समजावलं. या वेळीही निगेटिव्हच यायला हवी. यायलाच हवी म्हणून देवापुढे बस.

बाकीच्या तपासण्यांचं मला काही वाटलं नाही. चोवीस तासांची लघवी साठवायचा तो कॅन तुझ्या फ्रिजमध्ये ठेवायचा म्हटल्यावर मीच संकोचले होते, आणि तू खालचा कप्पा रिकामा करून, पुसून, खाली वर्तमानपत्र घालून ठेवलास. सकाळी तुळशीबागेतल्या कापडी पिशवीत घालून रिक्षात मांडीवर धरून बसलीस. मला धरू दिला नाहीस. तुझ्या घरात न धुतलेल्या हातांनी लोणच्याच्या बरणीला शिवायची सोय नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मला ते दिसलं.

सख्ख्या भावंडांत पेशींचा प्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमचं अर्धं जुळलं. डॉक्टर म्हणाले पुरे आहे, हल्लीची औषधं चांगली आहेत. ती औषधं मात्र दादाला कायम घ्यावी लागणार, आणि ही किडनीही जन्मभर पुरेलच असं नाही. चांगली चालली तर पंधरा-वीस वर्षं. त्याला आज शेहेचाळीसावं आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण "एकदाचं ऑपरेशन होऊ दे, मग सुटलो" असं तू शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं आहे. इतकी मोठी आशा नको लावून बसूस. पंधरा वर्षं पुष्कळ झाली.

माझं विचारशील तर, डावी काढणार. डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते. दुर्बिणीतून करतात. चार लहान छिद्रं आणि ओटीपोटाशी एक आडवा छेद, तिथून ती बाहेर काढायची. सर्जननी कागदावर रेघ मारून दाखवली तेव्हा लक्षात आलं, ही तर जवळपास माझ्या सिझेरियनचीच खूण. तुझा नातू ज्या वाटेने आला त्याच वाटेने ही दादाकडे जाणार. दादाच्या मूळच्या दोन्ही काढत नाहीत, त्या तशाच राहतात. माझी त्याच्या पोटात खाली, पुढच्या बाजूला बसवतील. म्हणजे त्याच्या तीन आणि माझी एक. माझी उरलेली हळूहळू मोठी होते आणि पूर्वी दोघी मिळून करायच्या त्याच्या सुमारे दोन तृतीयांश काम एकटी ओढते. तेवढं माणसाला पुरतं. देणारा दगावण्याचा धोका दहा हजारांत साधारण तीन. हा आकडा मी तुझ्यापासून लपवला होता. आता लपवत नाही, कारण मला तो रात्री आठवतो आणि एकटीला आठवलेला सहन होत नाही.

मला भीती वाटते, आई. हे वाचून लगेच फोन करून "मग राहू दे गं" म्हणू नकोस. भीती वाटते आणि मी येणार आहे, दोन्ही एकदमच खरं आहे. इथे चार वाजताच अंधार पडतो. ऑफिसातून सुटले की कालव्याच्या काठाने तासभर चालते, वजन साडेतीन किलो उतरवलं. डोकं दुखलं तरी साधी गोळी घेत नाही, दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या किडनीला बाधतात. अंघोळ करताना डाव्या कुशीवर हात ठेवते. एकेचाळीस वर्षांत मी तिची एकदाही चौकशी केली नव्हती. आता तिचा निरोप घ्यायचा म्हटल्यावर रडू येतं. कुणी गेलेलं नाही आणि तरी सुतक पडल्यासारखं वाटतं. तुझ्या जावयांना हे कळत नाही. ते विम्याचे कागद लावत बसतात, पण रात्री झोपेत त्यांचाही हात तिथेच येतो.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आधी तुझं पोर बघ." मला राग नाही आला. त्यांच्या जागी तूही हेच म्हणाली असतीस.

आता खरं सांगायचं ते.

मे महिन्यात मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी वहिनीला बाहेर बसवून दार लावून घेतलं. बाई देणारी असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची संमती किडनी घेणाऱ्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पक्की करून घ्यायची, असं अवयवदानाच्या २०१४च्या नियमांतच लिहिलेलं आहे. लिहावं लागलं, कारण आपल्याकडे देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त. डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून तूही पाहिलंस ना, डबे घेऊन कोण बसलेलं असतं? तर त्या म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत कधीही तुम्ही नाही म्हणू शकता. आम्ही घरी एवढंच सांगू की वैद्यकीयदृष्ट्या जमत नाही. कारण कुणाला कळणार नाही.

त्या संध्याकाळी मी तुला मंडईत जाऊन येते म्हटलं आणि लकडी पुलावर उभी राहिले. कुणाला कळणार नाही. तीन दिवस तो "नाही" मी जवळ बाळगला, आई. तुझ्यासमोर बसून आमटी-भात खाल्ला आणि तो माझ्याजवळ होता. आजही त्या दाराची कडी मी रोज एकदा काढून पाहते. दार उघडं आहे हे दिसलं की परत लावते.

त्याच बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला कुणाचं काही फेडायचं आहे का?" मी ताडकन नाही म्हटलं. आणि रात्रभर जागी राहिले.

बाबा गेले ते २०२१च्या एप्रिलमध्ये. भारतातून इकडे परतायच्या वाटा त्याच महिन्यात जवळपास बंद झाल्या, पोर लहान, मी आले नाही. दादाने एकट्याने सगळं केलं, त्या दिवसांत, त्या स्मशानात, चार माणसंही मिळत नव्हती तेव्हा. पुढे सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं आणि त्याने मला कुरिअरने कुलमुखत्यारपत्र पाठवलं. वर चिठ्ठी, "सही करून पाठव." एक फोन नाही. मी म्हटलं, मी नुसती सही आहे का? मला माझा हिस्सा हवा. तो म्हणाला, "बाबा आजारी होते तेव्हा कुठे होतीस?" त्यानंतर दोन वर्षं आम्ही वाढदिवसाला बोललो, तेवढंच.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी बाईंना सांगितलं, हो, थोडं फेडायचं आहे. त्यांनी विचारलं, ते नसतं तर दिली असती का? मला पटकन सांगता येईना. आणि मग मला दादाचा हात आठवला. त्या आठवड्यात एका दुपारी तो डायलिसिसहून येऊन कॉटवर पडला होता. टेबलावर त्याची लिटरची बाटली, पेनने खुणा केलेली, दिवसभराचं पाणी त्यात मोजून. आंबे तू यंदा घरात आणलेच नव्हतेस. भाज्या उकळून त्यांचं पाणी ओतून देतेस, त्याचा वास येत होता. तो म्हणाला, "हात लाव इथे." त्याच्या मनगटावरच्या, डायलिसिससाठी शीर जोडून केलेल्या त्या फिस्टुलावर मी बोटं ठेवली. आत मधमाशांचं मोहोळ असावं तसं घुमत होतं. दोन वर्षांनी आम्ही एकमेकांना शिवलो होतो. मी हात काढून घेतला नाही. तो म्हणाला, "अजूनही म्हणतो, तुझं चुकलंच होतं त्या वेळी." मी म्हटलं, "तुझं चुकलं होतं." आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

बाईंना मी सांगितलं, वीस वर्षांनीही फोनवर भांडायला मला तो हवा आहे. फेडायचं असो नसो, हे खरं आहे.

आणि आता दादाने काय केलंय, तर वकिलाकडून हक्कसोडपत्र करून घेतलंय. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे फ्लॅटमध्ये तुझा, त्याचा, माझा सारखा तिसरा वाटा. त्यातला त्याचा वाटा माझ्या नावे सोडतो म्हणतो. वहिनीने मला त्याचा फोटो पाठवला. तो पाहून मला जे झालं ते त्या दहा हजारांत तीनने झालं नव्हतं. कायद्याचं सांगते ते आधी ऐक. १९९४च्या कायद्याप्रमाणे अवयवाच्या बदल्यात पैसा किंवा पैशाचं मोल असलेलं काही देणं-घेणं हा गुन्हा आहे. परवानगी देणाऱ्या समितीसमोर आमच्या मुलाखती होतील, त्यांचं चित्रीकरण होईल, आणि हाच प्रश्न विचारतील. त्या कागदावर ऑपरेशनच्या दोन महिने आधीची तारीख पाहिली तर समिती काय समजेल? सगळं थांबेल. कदाचित त्याला तेच हवं असेल, असंही एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

पण कायदा नसता तरी मी तो कागद घेतला नसता. दादा माझ्यापुढे मान खाली घालून बसलेला मला बघवणार नाही. त्याने उद्या माझं चुकलं तर "चुकलं" म्हणायला हवं. "हिने मला किडनी दिली आहे, हिला काय बोलू" असं म्हणून तो गप्प बसायला लागला तर मी कुणाला वाचवलं? फ्लॅटचं काय करायचं ते आपण तिघं नंतर बसून ठरवू, आणि मी माझं म्हणणं सोडणार नाही, हेही त्याला सांग. नातेवाइकांना सांग, घरात हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांग, "बहिणीने जीवदान दिलं" हे वाक्य त्याच्यासमोर कुणी उच्चारायचं नाही.

तुझ्याकडे माझंही एक मागणं आहे. त्या सकाळी आधी मला आत नेतील, मग त्याला. नंतर त्याला जंतुसंसर्गाच्या भीतीने वेगळं ठेवतील, कुणाला भेटू देणार नाहीत, काचेतून बघायचं. सगळे तिथे उभे राहतील. लघवी सुरू झाली का, रक्तातलं क्रिएटिनिन किती उतरलं, फोन त्यासाठीच येतील. ते बरोबरच आहे. मीही शुद्धीवर आले की तेच विचारणार. पण त्या बाईंनी मला सांगून ठेवलंय की देणाऱ्याला त्यानंतर फार एकटं वाटतं, आत काहीतरी रिकामं झाल्यासारखं. तर पहिला दिवस आणि पहिली रात्र तू माझ्याजवळ बस. वहिनी त्याला बघेल. बोलायला नको, पाय चेपायला नको. तुझी ती जुन्या पातळांची गोधडी आण आणि बस.

कागदांचं राहिलं. माझा महापालिकेचा जन्मदाखला, जुनं रेशनकार्ड आणि लग्नाचा दाखला लागणार आहे. आमचं भाऊ-बहिणीचं नातं आणि माझं माहेरचं-सासरचं नाव त्यावरून दाखवायचं. लोखंडी कपाटात तुझ्या शालूखाली निळी फाईल आहे, त्यात आहेत. वहिनी म्हणाली हक्कसोडपत्रही दादाने त्यातच ठेवलंय. ते आधी बाहेर काढ आणि त्याच्या हातात दे. तू फाडू नकोस, वहिनीला फाडू देऊ नकोस. त्यानेच फाडायला हवं.

तुझी,
धाकटी