पक्यास, कुकरच्या निमित्ताने

स्टुटगार्ट,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

पक्या,

आधी शिव्या घालून घे. चार महिन्यांत तुझे तीन फोन आले, काकूंच्या पंचाहत्तरीचे फोटो आले, आणि मी मख्खासारखा बसलो. कामात होतो असं सांगणार नाही, कारण काम जास्त असलं की मी तुझं डोकं जास्त खातो हे तुला पाठ आहे. तब्येत बरी. माझी साखर काठावर, हिची पाठ अधूनमधून धरते, कार्टी मजेत. झालं.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच हसत सुटशील आणि पुढचं ऐकणार नाहीस. तर पहिलं वाक्य असं: आपला कुकर इंडक्शनवर चालत नाही.

हसून घे. मग पुढे वाच.

सप्टेंबरात घर बदललं. जुन्या घरमालकाला ते स्वतःच्या मुलासाठी हवं होतं, आणि इथे तेवढं कारण बहुधा पुरतं. त्या घरात सहा वर्षं सगळं त्याचंच होतं. त्याचा पलंग, त्याच्या ताटल्या, त्याचे चमचे. भिंतीवर त्यानेच लावलेलं एका होडीचं चित्र होतं, तेसुद्धा मी कधी काढलं नाही. आपण काय, दोन वर्षांसाठी आलोय. आठवतंय ना कोण म्हणालं होतं? विमानतळावर, तुझ्याकडे न बघता?

आता इथे रिकामं घर म्हणजे काय ते ऐक. आपल्याकडे रिकामं म्हणजे पंखे आणि गीझर सोडून बाकी काही नाही. इथे जाणारा भाडेकरू स्वयंपाकघरच उचलून नेतो. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, सगळं. उरते एक भिंत, पाण्याचे दोन नळकांडे आणि अंगठ्याएवढी जाड केबल. ती केबल आपण हाताळायची नाही, शेगडी तीन फेजवर चालते, इलेक्ट्रिशियनच लागतो. दिवेसुद्धा काढून नेतात रे! छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, फासावरून कुणीतरी नुकतंच उतरल्यासारख्या. आम्ही किल्ल्या घेतल्या शनिवारी संध्याकाळी. म्हटलं, उद्या सकाळी दिवे आणू. उद्या रविवार! रविवारी इथे स्टेशनवरची दुकानं, पेट्रोल पंप आणि थोडा वेळ बेकऱ्या सोडल्या तर सगळं बंद. रविवारची ही सुट्टी त्यांच्या राज्यघटनेत आहे, शब्दसुद्धा १९१९ सालचेच ठेवलेत. त्यामुळे आम्ही पहिला दिवस मोबाईलच्या टॉर्चवर काढला, आणि सोमवारी कळलं की दिवा आणला असता तरी रविवारी ड्रिल मारता आलं नसतंच. आजही रविवारच आहे. बाथरूमचा आरसा भिंतीला टेकून उभा आहे, मी गुडघ्यावर बसून दाढी केली आणि तुला लिहायला बसलो.

तर स्वयंपाकघर. आधीच्या भाडेकरू एक आजीबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या, उल्मजवळ मुलीकडे राहायला चाललेल्या. त्या म्हणाल्या, माझा ओटा तुम्हीच ठेवून घ्या, अठराशे युरो द्या. असे पैसे देऊन आधीच्याचं सामान ठेवून घ्यायला इथे ‘आब्ल्योझं’ म्हणतात. मी मनात शंभराने गुणलं. (सहा वर्षं झाली तरी गुणतो. हिने सोडलं, म्हणून तिची खरेदी उरकते आणि माझी उरकत नाही.) एक लाख ऐंशी हजार, जुन्या ओट्याला! मला बोहरी आळीतला तू आठवलास. तो दुकानदार सातशेवर अडून बसलेला, आणि तू कुकर उलटा करून त्याच्या बुडावर टिचक्या मारत, दातांचा डॉक्टर एक्स-रे बघतो तशा चेहऱ्याने. सहाशे दहाला आणलास, वर एक रबर फुकट. माझे तीनशे पाच, तुझे तीनशे पाच. सालं, २००४ पासून हा हिशोब आपल्याला पुरला आहे.

मीही तुझा चेहरा करून कपाटाचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. बिजागऱ्या ऐकल्या. आजीबाईंना वाटलं मला दार आवडलं. त्यांनी मला सगळीच दारं उघडून दाखवली. आमच्या ऑफिसातले एक निवृत्तीला आलेले गृहस्थ सांगत होते की इथे १९३३ सालचा एक कायदा २००१ पर्यंत चालू होता: दुकानदाराने गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांहून जास्त सूट द्यायचीच नाही. शंभराच्या वस्तूला तीन! तू या देशात जन्मला असतास तर तुझ्या अंगातली कला अंगातच जिरली असती. असो, मी कसेबसे पंधराशे केले. घासाघीस वगैरे काही नाही, नुसता गप्प बसलो. इथे गप्प बसलं की ह्यांना फार अवघड होतं.

पण पैसे मोजताना त्या म्हणाल्या, “ह्याला अजून पंधरा वर्षं काही होत नाही, बघा.” आणि ओट्यावरून हात फिरवला, आपल्या बायका जात्या लेकीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

पक्या, मी तिथेच आकडेमोड केली. पंचेचाळीस अधिक पंधरा. तोपर्यंत ह्या देशात मी घेतलेली सगळ्यात टिकाऊ वस्तू म्हणजे छत्री होती. इथे भांडी घेताना मी वजन बघायचो, बॅगेत बसेल का, तेवीस किलोंत जाईल का. गादी घेतली नाही, पुस्तकांचं कपाट घेतलं नाही, कार्टीला सायकलसुद्धा दुसऱ्याची वापरलेली. ही एकदा वैतागून म्हणाली, आपण घरात राहतोय की फलाटावर? तेव्हा मी भांडलो. आता हा ओटा मला कुठल्याही बॅगेत घालता येणार नाही, आणि आजीबाईंच्या पावतीवर सही करताना मला एका बाजूला भलतं बरं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूला तुझा माळा दिसत होता.

त्या माळ्यावर माझी शेगडी आहे. मिक्सर आहे. आईचं नाव आणि तारीख कोरलेले स्टीलचे डबे आहेत, उतरत्या मापाचे सात. ट्रंकेत काय आहे ते मलाही आठवत नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा वहिनी माळ्याकडे बघून “असू दे हो, कुठे काय मागतंय” म्हणाल्या, त्यात ‘हो’ जरा लांबला होता. मला कळलं होतं. तूही बघितलंस आणि विषय आपण दोघांत घेत असलेल्या भोरच्या जागेवर नेलास, जणू त्याने मला बरं वाटणार होतं.

थांब, मध्ये एक सांगायचं राहिलं, नाहीतर विसरेन. ऑफिसातल्या पोराच्या लग्नासाठी कोट घ्यायला गेलो. इथल्या पुरुषांच्या कोटाचं माप म्हणजे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याच्या निम्मे. माझी छाती शंभर, म्हणजे माप पन्नास. पन्नासचा घातला तर बाह्या बोटं झाकून खाली, आणि कोट गुडघ्यांकडे निघालेला. विक्रेत्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि म्हणाल्या, तुम्ही पंचवीस. बुटक्या-रुंद माणसांना निम्म्याचं निम्मं माप असतं म्हणे! आणि उंच काटकुळ्यांचं वेगळंच, ९४, ९८, १०२ असं. म्हणजे लंब्या इथे अठ्ठ्याण्णव आणि मी पंचवीस. शंभराचा पाव. तू होस्टेलात मला जे नाव ठेवलंस ते जर्मन शिंप्यांनी छापून गळ्यामागे शिवून दिलंय. कोट मात्र असा बसला की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही बाही कापावी लागली नाही. पॅंटला लागली, त्याचे तुर्की शिंप्याने चौदा युरो घेतले. गुणू नकोस, मी गुणलंय. त्या पैशांत आपला कोपऱ्यावरचा टेलर माझ्या सगळ्या पॅंटी छाटून देईल, वर चहा पाजेल.

हां, कुकर. ओट्यात इंडक्शन आहे. काळी गुळगुळीत काच. पहिल्या दिवशी मी नारळ वाढवला, हिने वरणाचा कुकर चढवला, बटण दाबलं. काचेवर एक खूण लुकलुकायला लागली. परत दाबलं, परत तेच. माहितीपुस्तक काढलं तर त्या खुणेचा अर्थ: भांडं ठेवलेलं नाही. अरे, पाच लिटरचा कुकर, तूरडाळ आणि तांदळासकट त्याच्या डोक्यावर बसलाय, आणि त्याचं म्हणणं, इथे कुणी नाही. ॲल्युमिनियम त्याला दिसतच नाही. चुंबक चिकटेल तेच भांडं खरं. मी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून कुकरला लावला, तो सरळ घसरून खाली. आईच्या लोखंडी तव्याला मात्र असा चिकटला की नखाने उपटावा लागला. पोळ्या झाल्या त्या दिवशी, वरण नाही. मधे घालायची लोखंडी चकती मिळते, ती आणून बघितली. चकती तापते, मग कुकर तापतो, तोवर भूक मरते.

शेवटी इथला कुकर घेतला. ह्या भागात गाइसलिंगेन म्हणून गाव आहे, तिथे १८५३ साली निघालेली भांड्यांची कंपनी आहे, तिचा. देखणा आहे, जड आहे, बुड असं की त्यात तोंड बघावं. पण शिट्टी नाही, लेका. दांड्याजवळ एक खुंटी असते, वाफ धरली की ती वर येते आणि तिच्यावरच्या दोन रेघा दिसायला लागतात. आपण उभं राहून रेघा बघायच्या आणि घड्याळ लावायचं. परवा ही आतून ओरडली, “किती झाल्या?” आणि मी म्हटलं, “दोन.” मग दोघंही गप्प. रेघा होत्या त्या.

शिट्टीवरून आठवलं. २०१९ला पहिल्या रात्री इथे बॅग उघडली, कुकर काढला, आणि वर शिट्टी नाही. टॉवेल झटकले, बुटांत हात घातले. हिला म्हटलं, राहिली असेल. तिने माझ्याकडे बघून विचारलं, बॅग कुणी भरू लागलं होतं? तेव्हा कळलं. मी सहा वर्षं तुला विचारलं नाही, आणि तूही बोलला नाहीस. पोस्टाने दुसरी मागवली, ती जरा सैल बसायची, फुसफुसायची. लग्न होऊन खोली सोडताना मी कुकर उचलला त्याचा तू अकरा वर्षांनी सूड घेतलास, हे मला मनापासून आवडलं होतं, पण सांगायचं नव्हतं.

आता जे सांगायला चार महिने लागले ते. भोरच्या जागेच्या दुसऱ्या हप्त्यासाठी तू फोन करत होतास, मला माहीत आहे. तू माझ्यासाठी थांबू नकोस. माझा अर्धा भाग लंब्याला देता आला तर दे, नाहीतर तू आणि वहिनी सगळीच घ्या. मी पहिल्या हप्त्याचे पैसे मागत नाही, ते असू देत, तिथे एक आंब्याचं झाड लाव. मी परत येणार नाही असं मी म्हणत नाहीये. म्हणवत नाही. पण दर वर्षी तुला ‘पुढच्या वर्षी’ सांगायचं आणि तू ‘बरं’ म्हणायचं, हे मला आता झेपत नाही. तुझं ते ‘बरं’ तर अजिबातच नाही. रागव. मागच्या खेपेला रागावलास तेव्हा निदान शिट्टी तरी गेली.

माळा रिकामा कर. शेगडी तुमच्या कामवाल्या मावशींना उपयोगी पडत असेल तर देऊन टाक. मिक्सर बहुतेक मेलेलाच असेल. डबे ठेव, वहिनींना म्हणावं वापरायला काढा, साखर-चहाचे सगळ्यात लहान दोन मी येऊन नेईन. ट्रंक उघडू नकोस, ती मी आल्यावर दोघं उघडू.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिकला जावं लागणार का? काकूंचा गुडघा कसा आहे, फोटोत तर ठणठणीत दिसत होत्या. ऋत्विकची दहावी आहे ना यंदा, त्याला म्हणावं भूमिती बापावर सोडू नकोस. दिवाळी आठवड्यावर आली, इथे त्या दिवशी ऑफिस आहे. चकलीचा सोऱ्या तीन दुकानं फिरून मिळाला नाही. बिस्किटं पाडायचं यंत्र मिळालं, त्यातून ही काय करते बघू.

मला आता उठायला हवं. आमच्या दारावर जिना झाडायच्या पाळीची पाटी लटकते आहे, ह्या गावाचा रिवाजच आहे, आणि आठवडा संपायच्या आत झाडला नाही तर खालचे आजोबा काही बोलत नाहीत, नुसते पाटीकडे बघतात. तुझ्यासारखेच.

२० डिसेंबरला पोचतो. कुकर बॅगेत घालून आणतोय, तेवीस किलोंत बसवलाय. तो तुझा. तीनशे पाच रुपये नकोत. शिट्टी कुठे ठेवली आहेस ते तेवढं बघून ठेव.

तुझा,
पावशेर