दारूची तीव्रता मोजणारी नळी विष ओळखत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या इमारतीतला एक तरुण काचेची एक नळी आणि पाण्याच्या लहान बाटलीत भरलेला नितळ द्रव घेऊन माझ्याकडे आला. मुलगा शिकलेला आहे, नोकरीत स्थिर आहे, आईवडिलांची नीट काळजी घेतो. मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके तीस वर्षे घेतली, हे त्याला ठाऊक होते. त्याने द्रव उंच पेल्यात ओतला, नळी त्यात तरंगत सोडली आणि म्हणाला, "काका, पंचेचाळीस दाखवतोय. म्हणजे शुद्ध आहे ना?" २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना त्याने चित्रफिती पाहून गूळ आंबवण्याचा आणि घरच्या घरी दारू गाळण्याचा उद्योग सुरू केला होता आणि तेव्हापासून तो अधूनमधून चालूच होता. त्याच्या वाक्यातल्या 'म्हणजे' या एका शब्दाने मी अस्वस्थ झालो, आणि हे पत्र त्याच शब्दाविषयी आहे.

कायद्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती अनेकांना खरोखरच माहीत नसते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या कलम ६५ मध्ये दारू बनवण्याबरोबरच त्यासाठी भांडी, साधने किंवा कच्चा माल जवळ बाळगणेही येते. 'विकत नाही, घरच्यापुरती करतो' ही सबब तिथे चालत नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळण्यास मुभा आहे. तिथले हौशी लोक उघडपणे चित्रफिती काढतात आणि आपली मुले त्या पाहून बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर तोच प्रयोग करतात. चाळीस टक्क्यांची दारू साधारण २६ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस हवाच त्याहून गरम असते. नुसत्या आगीच्या भीतीनेही हा उद्योग चाळीत किंवा सदनिकेत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या नळीकडे वळतो. अल्कोहोलमीटर हा एका ठरावीक कामासाठी खुणा आखलेला हायड्रोमीटर असतो. द्रव जितका हलका तितकी नळी खोल बुडते, एवढेच त्याचे तत्त्व. २० अंशांना पाण्याची घनता ०.९९८ असते आणि शुद्ध इथेनॉलची, म्हणजे पिण्याच्या दारूतल्या अल्कोहोलची, ०.७८९. नळी खरे तर घनताच मोजते. त्या घनतेचे टक्क्यांत रूपांतर खुणा आखणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते, आणि ते करताना या द्रवात पाणी व इथेनॉल यांखेरीज तिसरे काहीही नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीतक पाळण्याची जबाबदारी नळीवर नसते, ती वापरणाऱ्यावर असते. आणि वापरणाऱ्याला ते कोणी सांगितलेलेच नसते.

मुंबईकरांना हे दुधावरून लवकर पटेल. भय्या दुधात पाणी घालतो हे ओळखायला पूर्वी घरोघरी लॅक्टोमीटर असे. पण मलई काढल्याने दूध जड होते आणि पाणी घातल्याने हलके होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी प्रमाणात केल्या की तोच लॅक्टोमीटर निमूटपणे जुन्या खुणेवर येऊन थांबतो. दारूच्या बाबतीत ही फसगत जिवावर बेतते, कारण मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची घनताही सुमारे ०.७९ आहे. इथेनॉल आणि मिथेनॉल यांच्यातला फरक तिसऱ्या दशांश स्थळी जातो; बाजारात मिळणाऱ्या नळीवर तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही. पंचेचाळीस टक्के इथेनॉल असलेल्या पाण्यात आणि त्यातले निम्मे इथेनॉल काढून तेवढेच मिथेनॉल घातलेल्या पाण्यात ही नळी जवळपास सारखीच उभी राहील.

बरे, तो पंचेचाळीसचा आकडा तरी खरा होता का? बहुतेक नळ्या २० अंश तापमानासाठी आखलेल्या असतात. त्या दिवशी माझ्या खोलीत तापमापक ३० दाखवत होता. या तीव्रतेच्या आसपास दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्याची चूक होते, म्हणजे प्रत्यक्षात त्याची दारू एकेचाळीस टक्क्यांच्या आतबाहेर होती. भांड्यातून नुकत्याच उतरलेल्या कोमट धारेत नळी बुडवली तर चूक आणखी वाढते. उलट चवीसाठी साखर किंवा बडीशेपेचा पाक घातला तर द्रव जड होतो, नळी वर येते आणि दारू आहे त्यापेक्षा सौम्य भासते. मुळात ही उपकरणे कर आकारण्यासाठी घडवली गेली. बाटलीवर आजही '२५ यू. पी.' (अंडर प्रूफ) आणि '४२.८ टक्के' असे छापलेले असते, तो इंग्रजांच्या 'प्रूफ' पद्धतीचा अवशेष आहे: ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे पूर्ण प्रूफ, त्याच्या पंचवीस अंश खाली म्हणजे ४२.८. सरकारला किती अल्कोहोलवर कर घ्यायचा हे कळावे म्हणून ही मोजणी रुजली, पिणाऱ्याच्या जिवाशी तिचा फारसा संबंध नव्हता.

आपल्या भाषेत तर तीव्रतेलाच गुण मानण्याची सवय खोल रुजलेली आहे. 'पहिल्या धारेची' हे विशेषण आपण दारूबाहेरच्या गोष्टींनाही कौतुकाने लावतो. पहिली धार सर्वांत कडक असते हे खरेच आहे, पण ॲसिटाल्डिहाइड, एथिल ॲसिटेट यांसारखी लवकर उडून जाणारी द्रव्येही त्याच धारेत एकवटतात, आणि म्हणूनच परवाना असलेले, जाणते गाळणारे ती धार पिण्यासाठी घेत नाहीत, वेगळी काढतात. म्हणजे नळी ज्या भागाला सर्वाधिक गुण देते, नेमका तोच भाग टाकण्याचा असतो.

यावर त्या तरुणाकडे उत्तर तयार होते. "काका, मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते आणि दारू ७८ वर. थर्मामीटर ७८ वर पोहोचेपर्यंतचे मी फेकून देतो." हा समज इतका पसरलेला आहे की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. हे दोन्ही उत्कलनबिंदू शुद्ध द्रवांचे आहेत. दहा टक्के अल्कोहोल असलेले आंबवलेले रसायन साधारण ९२ अंशांच्या पुढेमागे उकळू लागते, त्यामुळे ६४.७ अंशांवर त्यात काहीच गाळले जात नाही. एकदा ते उकळू लागले की पाणी, इथेनॉल आणि असेल तेवढे मिथेनॉल सगळे एकत्रच वाफेत येते, प्रमाण तेवढे बदलत जाते. साध्या भांड्यात मिथेनॉल सुरुवातीला बाहेर पडून संपत नाही, ते अखेरपर्यंत थोडेथोडे येत राहते. पहिला पेला ओतून दिल्याने वास सुधारतो, मिथेनॉलची हमी मिळत नाही. बाटली हलवून फेस पाहणे, काडी लावून निळी ज्योत पाहणे याही परीक्षा याच जातीच्या आहेत: त्या अल्कोहोल पुरेसे आहे एवढेच सांगतात, आणि मिथेनॉलही निळेच जळते.

गुळाच्या आंबवणीत मिथेनॉल फारच थोडे तयार होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. फळांच्या सालींतल्या पेक्टिनमुळे फळांच्या दारूत ते जास्त असते. पण माणसे दगावतात ती बहुतेक वेळा बाहेरून आणून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. डिसेंबर २००४ च्या अखेरीस विक्रोळीत विषारी दारूने ८७ जणांचा बळी घेतला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. ती दारू प्लास्टिकच्या पिशव्यांतून विकली गेली होती आणि तिच्यात मिथेनॉल होते. रोजंदारी करणारी, हातावर पोट असलेली माणसे होती ती. त्यांनी काही मोजले नव्हते, घशाला लागणारा जोर हीच त्यांची मोजणी होती, आणि त्या मोजणीत ती दारू उत्तम ठरली असणार.

आमच्या इमारतीतल्या मुलाचा त्यांच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो मला त्याच्याच तोंडून कळला. एकदा नळीने तीसच दाखवले तेव्हा एका ओळखीच्याकडून 'स्पिरिट' आणून त्याने आकडा वर नेला होता. त्या डब्यावर काय लिहिले होते ते त्याला आठवत नव्हते. सुदैवाने ते इथेनॉल असावे, कारण तो माझ्यासमोर धडधाकट बसला होता. मी त्याला एवढेच विचारले की ते तसे नसते तर तुझ्या नळीने तुला काय सांगितले असते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग उठून त्याने ती बाटली माझ्या मोरीत रिकामी केली.

मिथेनॉल स्वतः तितके घातक नसते, शरीरात त्याचे आधी फॉर्मॅल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, आणि हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल अंधत्व आणू शकते, तीस मिलिलिटर जीव घेऊ शकते. लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात, आणि सोबत साधी दारू घेतलेली असेल तर त्याहूनही उशिरा; म्हणून सकाळची मळमळ, पोटदुखी आणि डोकेदुखी घरचे लोक 'उतरली नाही अजून' म्हणून सोडून देतात. डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे पडल्यासारखे दिसू लागले की एक तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे आणि काय प्यायले ते न लपवता सांगावे. फोमेपिझोल हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले इथेनॉल आणि डायलिसिस यांनी वेळेत आलेला रुग्ण वाचू शकतो. पोलिसांच्या भीतीने घरात झोपवून ठेवलेला रुग्ण हातचा जातो.

राज्य उत्पादन शुल्क विभागाला माझी विनंती आहे की अल्कोहोलमीटर आणि घरगुती ऊर्ध्वपातनाची भांडी विकणाऱ्या प्रत्येकाला, दुकानदार असो वा ऑनलाइन विक्रेता, 'हे उपकरण मिथेनॉल ओळखत नाही' ही सूचना मराठीत आणि ठळक अक्षरांत वेष्टनावर छापण्यास भाग पाडावे. मिथेनॉल ओळखण्याची खात्रीची पद्धत गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक यंत्राने वेगळे करून मोजण्याची आहे, आणि ती कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणीच होऊ शकते, स्वयंपाकघरात नाही, हेही त्या सूचनेत असावे. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात अल्कोहोलचे प्रकरण शिकवताना शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा: पाण्यात सारख्या प्रमाणात मिसळलेले इथेनॉल आणि मिथेनॉल दोन बंद नळकांड्यांत ठेवावे, दोन्हींत एकच हायड्रोमीटर मुलांना दाखवावा आणि कोणत्या नळकांड्यात काय आहे हे ओळखायला सांगावे. मी स्वतः हे प्रात्यक्षिक पूर्व उपनगरातल्या कोणत्याही महाविद्यालयात येऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली, विनामूल्य करून दाखवायला तयार आहे. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की हातभट्टीवरच्या धाडीची बातमी छापताना किती लिटर कच्चे रसायन नष्ट केले या आकड्याशेजारी मिथेनॉल विषबाधेची लक्षणे चार ओळींत द्यावीत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्रात्यक्षिक शिक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई