कारवी न फुलणारी सहा वर्षं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सावंतवाडी–आंबोली मार्गावर एसटीत वाहक होतो. फुलपाखरांचा नाद लागला तो निवृत्त झाल्यावर. निळं फुलपाखरू म्हटलं की लोकांना २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरलेलं ब्ल्यू मॉर्मन आठवतं. ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं, त्यामुळे परसातही येतं. मी लिहितोय ते ब्ल्यू ओकलीफबद्दल. भारत सोडला तर ते जगात कुठेच नाही, आणि इथेही सहजी दिसत नाही. मी तीन पावसाळे त्याच्या मागावर होतो.

गेल्या ऑक्टोबरात घाटाच्या वरच्या अंगाला एका ऐनाच्या खोडातून चीक गळत होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या. म्हणून थांबलो. माश्यांच्या शेजारी एक वाळकं पान चिकटलेलं होतं. देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपके, सगळं पानाचंच. ते पान सरकलं! मी मोबाइल काढून गुडघ्यावर बसलो. गवत कापायला निघालेली शेजारची पोर म्हणाली, "काका, सुक्या पानाचो कसलो फोटो काढतास?" तेवढ्यात पंख उघडले. आत गर्द निळा रंग, वरच्या पंखावर आडवा फिकट पट्टा, टोकाशी काळं. दोन-तीन सेकंदच, की पुन्हा पान. चाळीस फोटोंपैकी एकातच निळा रंग आला, तोही जरा हललेला. पोर विळा खाली ठेवून बघत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम तिला घेऊन गेलो. रस्त्याकडेची झाडी साफ केलेली होती. वळणावर गाडीवाल्याला समोरचं दिसावं म्हणून झाडी तोडावीच लागते, हे मी आयुष्यभर घाटात फिरून जाणतो. पण इथे वळण नव्हतं. सरळ पट्ट्यातली, रस्त्यापासून आत चढावर गेलेली कारवीसुद्धा बुडापासून मारली होती.

या फुलपाखराच्या अळ्या कारवीची आणि दशमुळी या रानझुडपाची पानं खातात. कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा आपण गाड्या भरून फोटो काढायला जातो. मधली सहा वर्षं ती नुसतं रान वाटते, म्हणून कोयता चालतो. अळीला फूल नको असतं, तिला याच सहा वर्षांतली पानं हवी असतात.

संबंधित खात्याला माझी विनंती आहे: वळणं मोकळी ठेवा, पण सरळ पट्ट्यातली कारवी राहू द्या. कोयता लावण्याआधी गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या. मी यायला तयार आहे, सकाळी सातनंतर केव्हाही.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, आंबोली