झाड लावायला एक दिवस, जगवायला तीन वर्षं

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. येत्या पावसाळ्यात तुम्ही वीसेक जण मिळून त्या मोकळ्या जागेवर दोनशे रोपं लावणार, हे वाचून फार आनंद झाला. हे पत्र ताईला आणि भाऊजींनाही वाचायला दे. यातलं निम्मं काम पाण्याचं आहे आणि निम्मं माणसांचं, आणि दोन्हींत त्यांचा सल्ला तुला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एवढंच सांगतो की रोपांचा आकडा लावायच्या दिवशी मोजू नका. तिसरा उन्हाळा काढून जी उभी राहतील तेवढीच झाडं तुम्ही लावली असं धरा. म्हणून दोनशे हा आकडा पक्का करण्याआधी पाण्याचा हिशोब मांडा. पहिल्या वर्षी एका रोपाला एका वेळेला १५ ते २० लिटर लागतं. समजा चाळीसच रोपं धरली, तरी ६०० ते ८०० लिटर, पाऊस नसेल तेव्हा दर आठवड्याला. ते कुठून येणार, कोण वाहून आणणार, परीक्षा आणि आजारपणं आली तरी ते चालू राहील का, या प्रश्नांची उत्तरं चाळिसांपुरतीच मिळत असतील तर चाळीसच लावा. उरलेली पुढच्या वर्षी लावता येतात. वंगारी माथाई यांनी १९७७ साली केनियात ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा रोपं वाढवणाऱ्या बायकांना जो छोटा मोबदला मिळे तो जगलेल्या रोपामागे मिळे. पुढे २००४ साली माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. मला त्यांच्या कामातली ही मोजण्याची रीत फार महत्त्वाची वाटते, कारण माणूस जे मोजतो त्याचीच काळजी घेतो. इकडे ब्रिटनमध्येही २०१४ साली झाडांसाठी बीएस ८५४५ हे मानक निघालं. ते लागवडीपाशी थांबत नाही. रोपवाटिकेपासून ते झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहीपर्यंतचा सगळा प्रवास त्यात धरलेला आहे.

आता जागा. तू 'नुसतं गवत आहे' असं लिहिलंयस, तिथे थोडं थांब. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटं करतात आणि त्यांना उघडा माळच लागतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात. तिथे दाट झाडी उभी केली तर आपण एक नांदती वस्ती मोडून दुसरी बसवू पाहतो, आणि ती बहुधा धड बसतही नाही. जुन्या लोकांना विचारा, तिथे पूर्वी झाडं होती का. जुनी खोडं, बांधावरची मोठी झाडं, ओढ्याकाठची झाडी यांतून उत्तर मिळतं. जागा पहिल्यापासून माळच असेल तर ती तशीच राखा आणि झाडांसाठी रस्त्याची कड, शाळेचं आवार किंवा जिथली झाडं तोडली गेली अशी जागा शोधा. आणि तिथे कोणाची गुरं चरतात, कोण सरपण नेतं, कोणाच्या येण्याजाण्याची वाट आहे, हे रोपं आणायच्या आधी त्यांच्याशीच बोलून घ्या. ज्याची चराई आपण न विचारता बंद केली, तो आपल्या कुंपणाची काळजी का घेईल? त्याला विचारून कुंपणाची जागा ठरवली तर बहुतेक वेळा तोच राखणदार होतो. जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्या. वरून विजेच्या तारा आणि खालून पाण्याचे पाइप कुठून गेलेत तेही पाहून ठेवा.

मातीची एक परीक्षा फुकटात होते. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि या वेळी पट्टी लावून तासाला पाणी किती उतरतं ते बघा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. अडीचपेक्षा कमी म्हणजे पाणी तुंबतं, मुळं गुदमरणार. तिथे पाणथळ सोसणारी झाडं निवडा किंवा रोप जमिनीच्या थोडं वर, उंचवट्यावर लावा. फारच झरझर उतरलं तर पाणी थोडं थोडं पण जास्त वेळा घालावं लागेल.

झाडं कोणती लावायची याबद्दल फार लिहीत नाही. आसपासच्या जुन्या झाडीत जी आपोआप उगवतात ती घ्या, पाचसहा जाती तरी मिसळा, आणि झटपट वाढते म्हणून सुबाभूळ घेऊ नका. ती मूळची मेक्सिकोकडची आणि बिया टाकून आवरेनाशी पसरते. रोप लहान घ्या, गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचं. मोठं रोप पहिल्या दिवशी छान दिसतं, पण त्याची मुळं तुटलेली नाहीतर पिशवीत कोंडलेली असतात. ती सावरेपर्यंत लहान रोप त्याला गाठतं. मियावाकी पद्धतीचं, म्हणजे लहान जागेत दाट रोपं लावून जंगल उभं करण्याचं, विचारलं होतंस. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा मुख्य आग्रह होता तो त्या जागी निसर्गतः कोणतं जंगल असतं ते शोधून त्याच जाती लावण्याचा. लोक तेवढंच विसरतात आणि चौरस मीटरला तीन रोपं एवढंच लक्षात ठेवतात. लहान, वर्षभर पाणी असलेल्या तुकड्यासाठी ती पद्धत ठीक. तुमच्या जागेला मी ती सुचवणार नाही, कारण इतक्या दाटीला दोन-तीन वर्षं खुरपणी आणि पाणी दोन्ही चुकत नाहीत.

लावण्याच्या दिवशी सगळं लक्ष मुळांवर असू दे. पिशवी पूर्ण कापून काढा, नुसत्या खाली चिरा देऊन लावू नका. संध्याकाळी पिशव्या मोजा. जितकी रोपं तितक्या पिशव्या हातात आल्या पाहिजेत. पिशवी काढल्यावर हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट निघालेल्या मातीच्या गोळ्याच्या, कडेने गोल फिरलेली मुळं दिसतील. धारदार चाकूने हुंडीला तीनचार ठिकाणी वरून खाली एक-दोन सेंटिमीटर खोल चिरा द्या आणि तळाशी गुंडाळी झालेली मुळं कापून टाका. हे करताना सगळ्यांचा हात कचरतो, पण तसंच लावलं तर ते मूळ खोडासारखंच जाड होत जातं, काही वर्षांनी बुंध्याला फास बसतो आणि वरून धडधाकट दिसणारं झाड एका वादळात मुळासकट आडवं होतं. नंतर त्यावर इलाज करणं फार अवघड.

मग खोड जिथे रुंदावून मुळांकडे वळतं ती जागा शोधा. पिशवीत ती पुष्कळदा चार-पाच सेंटिमीटर मातीखाली गेलेली असते. वरची माती बोटांनी उकरून ती उघडी करा. लावल्यावर ती जमिनीच्या बरोबरीला किंवा जराशी वर दिसली पाहिजे. खोल लावलेलं रोप लगेच मरत नाही, म्हणून चूक ध्यानात येत नाही. खोडाची साल ओलीत राहून सडते आणि झाड वर्षानुवर्षं कुढत राहतं. त्यामुळे खड्डा हुंडीएवढाच खोल, पण दोन ते तीन पट रुंद. तळाची माती हलवू नका, नाहीतर रोप नंतर खाली बसतं. कडा मात्र पहारीने ओरबाडून खडबडीत करा, कारण चिकण मातीत ओल्या फावड्याने कडा गुळगुळीत होतात आणि मुळं त्यांना धडकून आतच वळतात. खड्ड्यात शेणखत आणि विकतची माती भरायचा मोह टाळा. निघालेली तीच माती ढेकळं फोडून परत भरा. आत मऊ आणि बाहेर कडक झालं की मुळं बाहेर जात नाहीत आणि खड्ड्यात पाणी साचतं. रासायनिक खत पहिल्या वर्षी नकोच, त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळं जळतात.

काठीचा आधार रोप खरंच कलंडत असेल तरच द्या. उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, सुताच्या रुंद पट्टीने, सैल बांधा. वाऱ्यावर हलल्यानेच खोड जाड आणि मजबूत होतं. वर्षभरात पट्टी काढा, सुतळी किंवा तार तर कधीच नको. आच्छादनाला पालापाचोळा पाच ते दहा सेंटिमीटर जाड आणि मीटरभर रुंद, पण खोडाभोवती तळहाताएवढी जागा मोकळी. खोडाला ढीग टेकला की साल सडते आणि उंदीर लपतात. त्या मीटरभर वर्तुळात गवत उगवू देऊ नका. गवत रोपाचं पाणी किती पितं ते वरून दिसत नाही, पण नुसत्या या खुरपणीने रोप जोमानं वाढतं. खुरपायला हात घालण्याआधी काठीने गवत हलवा.

पाणी सगळ्यात जास्त चुकतं. नर्सरीतली माती भोवतालच्या मातीपेक्षा लवकर वाळते. बाजूची जमीन ओली असते आणि हुंडी आतून कोरडी ठणठणीत. म्हणून पहिले काही आठवडे पाणी थेट हुंडीवर, म्हणजे खोडाच्या अगदी जवळ, आणि सावकाश. पुढे मुळं पसरतात तसं आळं बाहेर बाहेर सरकवा. वीस लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि भरून रोपाशेजारी ठेवा. पाणी ओघळून न जाता आत जिरतं. उघडीप असेल तर पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, मग पहिलं वर्षभर आठवड्याला. दुसऱ्या वर्षी कोरड्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी महिन्याला. रोज तांब्याभर घालणं सगळ्यात वाईट, त्याने मुळं वरच्या थरात राहतात आणि पहिल्याच सुट्टीत रोप वाळतं. तारीख पाळण्याआधी पातळ सळई पंधरा सेंटिमीटर खुपसून बघा. सहज गेली आणि ओलसर निघाली तर पाणी नको. दुपारी पानं मलूल आणि सकाळी ताजी, तर काळजी नाही. सकाळीही मलूल असतील तर तहान किंवा तुंबलेलं पाणी, आणि कोणतं ते सळईच सांगेल.

काही रोपं मरतील. ती तशीच टाकून नवी लावू नका, आधी उपटून वाचा. मुळं अजून पिशवीच्याच आकारात असतील तर चिरा दिल्या नव्हत्या किंवा खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होत्या. काळी, मऊ आणि कुजका वास, म्हणजे पाणी साचलं. बाहेर ओल आणि आतली हुंडी भुसभुशीत कोरडी, म्हणजे पाणी हुंडीवर पडलंच नाही. मुळं कुरतडलेली आणि मातीत पांढरी वळलेली अळी दिसली तर हुमणी. बुंध्याशी साल सोललेली असेल तर उंदीर, नाहीतर गवत कापणाऱ्याचं यंत्र. वाळवी दिसली तर तिच्यावर लगेच खापर फोडू नका, ती बऱ्याचदा आधीच मरत असलेल्या रोपावर येते. हे सगळ्यांसमोर, जमिनीवर बसून करा. कोणाची चूक हा प्रश्न न विचारता काय झालं हा प्रश्न विचारला की माणसं पुढच्या वेळी आपण होऊन मेलेलं रोप दाखवायला आणतात.

गटाबद्दल. पाळ्या वारांच्या लावू नका, रोपांच्या लावा. प्रत्येकाला नंबर घातलेली चार-पाच रोपं आणि प्रत्येकाला एक जोडीदार. 'या आठवड्यात मला जमणार नाही' हे जोडीदाराला वेळेवर सांगणं कामचुकारपणा नाही, ते शिकायलाच हवं. न सांगता गैरहजर राहणारा चांगल्या मनाचा असला तरी त्याची रोपं वाळतात. वही एकच ठेवा: नंबर, जात, पाणी कधी, उंची, काय दिसलं. उंची मोजायचं काम लहान मुलांना द्या, ती अचूक करतात. आईला, म्हणजे तुझ्या आजीला, बिया गोळा करून रोपं करायला सांग. तिचा हात त्याला चांगला आहे, आणि मेलेल्या जागी लावायला घरचीच रोपं तयार राहतील. वीस लिटर म्हणजे वीस किलो; ज्यांची पाठ दुखते त्यांना दहाच्या दोन बादल्या द्या. आणि तू पुढारी असशील तर खुरपणीची पाळी स्वतःकडे घे. फोटोत न येणारं काम पुढाऱ्याने केलं तर बाकीचे विनातक्रार करतात.

पाणी घालण्याआधी प्रत्येक रोपापुढे दोन मिनिटं नुसतं उभं राहायची सवय सगळ्यांना लाव. शेंड्याची कोवळी पानं, पानांची खालची बाजू, मग बुंधा. पाणी घालून परत फिरण्याच्या घाईत हे राहतं, आणि नेमकं जे सुरुवातीला दिसलं असतं ते महिन्याने कळतं. असं बघायला लागलेली माणसं शेजारच्या म्हाताऱ्याचं न आलेलं दूधही लवकर ओळखतात, हे मी पुष्कळ गटांत पाहिलंय.

खड्ड्यातलं पाणी तासाला किती उतरलं तो आकडा आणि मातीचा फोटो मला पाठव. सोबत जागेचा साधा नकाशा काढ, त्यात सावली सकाळी कुठे आणि दुपारी कुठे पडते ते दाखव. त्यावरून जाती आणि अंतरं ठरवून देतो. मोठ्या झाडांमध्ये आठ ते दहा मीटर सोडायचे आहेत, एवढं तोवर धरून चाल.

ताई, भाऊजी आणि आईला नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. रोपं आणायला जाशील तेव्हा पिशवी उचलून खालून बघ. भोकांतून जाड मुळं बाहेर आलेली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय, दुसरं घे.