मत हुकते ते यादीत आणि हजेरीत

महोदय,

मतदानाचा दिवस उलटला की गोव्यातल्या कामगार वस्त्यांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते: या लोकांना मताची पर्वा नाही. या समजाला उत्तर द्यायलाच हवे, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत उत्पन्न जितके कमी तितके मतदान कमी, हे खरे आहे. तिथे बऱ्याच राज्यांत नाव नोंदवायची जबाबदारी ज्याची त्याने उचलायची असते आणि मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी होते. भारतात गरीब माणूस मतदानात श्रीमंताच्या मागे नाही, असे मतदानोत्तर सर्वेक्षणांत अनेकदा दिसून आले आहे. नाव यादीत असेल, केंद्र जवळ असेल आणि दिवसाची मजुरी बुडत नसेल तर तो रांगेत उभा राहतो. गोव्यातल्या कष्टकऱ्याचे मत हुकते ते या तीन अटींपैकी एखादी पुरी होत नाही म्हणून.

2022 च्या विधानसभेला गोव्यात सुमारे 79 टक्के आणि 2024 च्या लोकसभेला सुमारे 76 टक्के मतदान झाले. आकडे चांगलेच आहेत. पण टक्केवारी यादीतल्या नावांवर काढतात, इथे राहणाऱ्या सगळ्या प्रौढांवर नाही. झुआरीनगर, मोतीडोंगर किंवा चिंबलच्या इंदिरानगरासारख्या कामगार वस्तीत कोणी वर्षानुवर्षे राहतो आणि यादीत त्याचे नाव नाही, तर तो या हिशेबात कुठेच येत नाही.

नाव नसण्याचे पहिले कारण म्हणजे पत्ता. एका घराच्या मागे चार-पाच खोल्या काढलेल्या असतात. वीज मीटर एकच, तोही मालकाच्या नावावर. घर क्रमांकही एकच. नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, भरताना पत्त्याचा पुरावा म्हणून वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे पासबुक, पासपोर्ट, जमिनीची कागदपत्रे, खरेदीखत किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाडेकरूकडे असतो तो 11 महिन्यांचा नोटरीकडचा करार, आणि तो नोंदणीकृत नव्हे. आधारवर गावचा पत्ता. तो बदलायला पुन्हा इथल्या पत्त्याचा पुरावा हवा. पासबुकावर बँक आधारवरचाच पत्ता छापते. अशा फेऱ्यात माणूस दोन खाडे करतो आणि तिसऱ्यांदा जातच नाही. मालकही लेखी द्यायला कचरतो; उद्या खोलीवर हक्क सांगतील, पंचायत घरपट्टी वाढवेल, अशी धास्ती असते. मात्र त्याच भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात भरून देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे हा माणूस इथे राहतो हे सरकारदरबारी एका खिडकीवर नोंदलेले असते आणि दुसऱ्या खिडकीवर तेच सिद्ध करायला सांगितले जाते.

कागद नसला तर वाटच बंद, असे मात्र नाही. बेघर माणसाने अर्ज केला तर बीएलओने (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने) रात्री, एकाहून अधिक वेळा त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहावे, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे; त्याला कागद लागत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्यासाठी जे होऊ शकते ते भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी का होऊ नये?

गैरसमजही फार आहेत. गोव्यात रहिवासी दाखल्याला 15 वर्षांची अट आहे, म्हणून मतदार व्हायलाही 15 वर्षे लागतात असे कित्येकांना वाटते. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' एवढेच म्हटले आहे, वर्षांचा आकडा नाही. दुसरा घोळ अर्जाचा. गावच्या यादीत नाव असेल तर नवा नमुना 6 भरायचा नसतो, स्थलांतरासाठी नमुना 8 भरायचा. जुनी नोंद लपवून नमुना 6 भरला तर नाव दोन ठिकाणी येते आणि खोट्या माहितीबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि सगळ्यांत जास्त मते बुडवणारा समज म्हणजे 'मतदार कार्ड आहे म्हणजे नाव आहे'. कार्ड ही फक्त ओळख. मत द्यायचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो.

नाव कटते कसे, तेही पाहा. बीएलओ बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा कार्यालयीन कर्मचारी. ते स्वतःचे काम सांभाळून दिवसा फिरतात, आणि दिवसा या खोल्यांना कुलूप असते: नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, बायको चार घरची धुणीभांडी करायला. दोन-तीन फेऱ्यांत कोणी भेटले नाही की 'अनुपस्थित' किंवा 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. नोव्हेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (घरोघरीच्या फेरतपासणीत) तर 2002 च्या यादीत स्वतःचा किंवा आईवडिलांचा धागा शोधून द्यायचा होता. ज्यांचे आईवडील कर्नाटकात कोप्पळ किंवा गदगच्या खेड्यात मतदार होते, त्यांना 2002 चा भाग क्रमांक कोण सांगणार? बाहेरच्यांची बोगस नावे यादीत घुसतात ही गोवेकरांची तक्रार मी गंभीर मानतो. पण खोली सोडून गेलेल्याचे नाव राहते आणि राहणाऱ्याचे गळते, या दोन्हींचे मूळ एकच आहे: माणूस घरी असतो त्या वेळी कोणी तपासत नाही.

नाव असूनही मत हुकते ते हजेरीपायी. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले 135ब हे कलम 1996 मध्ये आले. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, आणि रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी, असे ते स्पष्ट सांगते. मोडणाऱ्या मालकाला दंड किती? 500 रुपयांपर्यंत. कंपनी सुट्टीची सूचना फलकावर लावते, पण कंत्राटी कामगाराची हजेरी मुकादमाच्या वहीत असते आणि तिथे त्या दिवशी खाडा पडतो. 700 रुपये रोज धरला तर त्याच्यासाठी मताची किंमत 700 रुपये. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल त्याला हे कलम लागू नाही. ही पळवाट हंगामात हॉटेले आणि सुरक्षा एजन्सी सहज वापरू शकतात. सकाळी 8 ते रात्री 8 पहाऱ्यावर असलेल्याला 7 ते 6 ही मतदानाची वेळ काय कामाची? ट्रॉलरवरच्या खलाशांचेही तेच. 14 फेब्रुवारी 2022 आणि 7 मे 2024, दोन्ही तारखा मासेमारीच्या हंगामातल्या.

गावी नाव ठेवणाऱ्यालाही दोष देऊ नये. रेशन, जमीन, जातीचा दाखला सारे तिथे असते. पण ओडिशाला जायलाच दीड-दोन दिवस लागतात. अशांना असतील तिथूनच गावचे मत देता यावे म्हणून 72 मतदारसंघ हाताळणारे दूरस्थ मतदान यंत्र आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे ठेवले होते. पक्षांनी शंका घेतल्या आणि ते तिथेच अडकले.

विधानसभा निवडणूक 2027 च्या सुरुवातीला अपेक्षित आहे. त्याआधी या वस्त्यांत बीएलओंच्या फेऱ्या रविवारी आणि संध्याकाळी 7 नंतर ठेवाव्यात, त्याचे वेगळे मानधन त्यांना द्यावे, आणि सोबत कन्नड किंवा हिंदी बोलणारा माणूस असावा. कामगार आयुक्तांनी सुट्टीचे परिपत्रक कंपन्यांबरोबर कंत्राटदारांनाही पाठवावे आणि मतदानानंतरच्या पगारात तो दिवस भरला का, हे हजेरीपट मागवून पाहावे. वाचकांपैकी कोणाच्या घरी भाडेकरू किंवा कामाला बाई असेल, तर 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन लावून त्यांचे नाव यादीत आहे का ते आजच पाहा. नसेल तर उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याच्या निदान 10 दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. त्यानंतर तो मंजूर झाला तरी त्या निवडणुकीला उपयोगी पडेलच असे नाही.

आपला,
मतदार नोंदणीचे अर्ज भरून देणारा एक कार्यकर्ता,
वास्को