अंदमानची चितळं पाहुणी आहेत

महोदय,

सेल्युलर जेल पाहून आलेली मराठी मंडळी रॉस बेटावरच्या (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) माणसाळलेल्या चितळांचे फोटो हमखास दाखवतात. आम्हीही दाखवले, बिस्किटंसुद्धा चारली, ही चूकच. ही चितळं मूळची तिथली नव्हेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आणलेली. अंदमानात वाघ-बिबटे नाहीत, आणि चितळ पोहत शेजारचं बेट गाठतं. हरणांशिवाय घडलेल्या त्या जंगलात कोवळी रोपं त्यांच्या तोंडी पडतात, खालचा झाडोरा विरळ होतो आणि त्यात राहणारे सरडे घटतात, असं संशोधकांना आढळलं आहे.

बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाचंही तेच, तोही तिथे बाहेरूनच आलेला. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून ज्याची चोरून शिकार होते, त्याला आपल्याकडे कायद्याचं संरक्षण लागतं; अंदमानात मात्र त्याची पिल्लं स्थानिक बेडकांच्या पिल्लांना फस्त करतात. मुख्य भूमीवरून जाणाऱ्या मत्स्यबीजातून असे प्राणी सहज पोहोचू शकतात. त्याची तपासणी बंदरावरच व्हावी. आणि सहल कंपन्यांनी ‘हरणांना खाऊ घाला’ हा कार्यक्रम तरी बंद करावा.

– एक वाचक, ठाणे